पिवळे हातमोजे

१२ नोव्हेंबर
एल अल्गारोबो कॅम्प, स्पेन

प्रिय मारिट,

तू माझा नंबर बंद करून टाकलास, म्हणून हे पत्र. पत्र बंद करता येत नाही. पोस्टमन पेटीत टाकतो आणि निघून जातो. न वाचता फेकायचं असेल तर फेक, पण तू फेकणार नाहीस. लहानपणीही रुसून खोलीत जायचीस आणि मग दाराला कान लावून बसायचीस.

पोचलो, एवढंच कळवायचं होतं. अख्खा फ्रान्स ओलांडला, कुणाला धडकलो नाही, आणि तू म्हणालीस तसा बेल्जियमच्या खड्ड्यातही गेलो नाही. ज्या माणसाने पस्तीस वर्षं दुधाचा टँकर चालवला, त्याला त्याची मुलगी सांगते, बाबा, किल्ल्या दे! जिला स्वतःची काडेपेटीएवढी मोटार बाजारात नीट उभी करता येत नाही तिने हे सांगावं! तुझी आई जाऊन महिना झाला नव्हता आणि तू स्वयंपाकघरात उभी राहून माझ्या पायाकडे बोट दाखवत होतीस. उजवा पाय ओढतोस म्हणे. डॉक्टरला दाखवल्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस म्हणे. बरं, नाही बोललो. घराची किल्ली तुझ्या पेटीत टाकली आणि मोटरहोम काढून निघालो. दर हिवाळ्यात निघतो तसाच.

पाय उत्तम आहे. एवढ्या प्रवासात कुणाचाही दमेल. हल्ली मी चालवताना बूट काढून ठेवतो, नुसत्या मोज्यांवर पेडल बरं कळतं.

आपली नेहमीची जागा मिळाली, खरनुबाच्या झाडासमोरची. एन्कार्नाने ती राखून ठेवली होती. कॅम्पच्या ऑफिसातून बाहेर आली, माझ्या मागे डोकावून पाहिलं आणि विचारलं, "आणि रूली कुठे आहे?" मी आईचं सांगितलं. ती आत गेली, दोन संत्री घेऊन आली, माझ्या हातात ठेवली आणि काही बोलली नाही. बायकांना कळतं कधी गप्प बसायचं ते. तुला अजून कळायचंय.

नवी गाडी आली की इथे काय होतं ते तुला आठवत असेल. सगळे म्हातारे कॉफीचे मग घेऊन खुर्च्या वळवून बसतात. नवरा गाडी मागे घेणार, बायको मागे उभी राहून हात करणार, नवरा खिडकीतून ओरडणार, बायको दुप्पट ओरडणार. फुकटचा तमाशा. रूलीचं आणि माझं मात्र कधी चुकलं नाही. पोर्तुगालात एकदा पावसात मला आरशात तिचे हात दिसेनात, मी ओरडलो, तर ती तरातरा आत गेली आणि भांडी घासायचे पिवळे हातमोजे घालून परत आली. तेव्हापासून प्रत्येक जागी तिने तेच घातले. पिवळे दोन हात, बाकी काही बघायचं नाही.

यंदा मी गाडी तोंडाने आत घातली. लोकांना वाटलं, समुद्र दिसावा म्हणून. तूही तसंच समज.

हातमोजे दाराच्या आतल्या खुंटीवर आहेत. उजव्या अंगठ्याला भोक पडलंय.

तुझा बाबा


६ डिसेंबर
एल अल्गारोबो

प्रिय मारिट,

पोस्टकार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर तीन शब्द! "पाय दाखवला का?" तिकिटाचे पैसे तरी वसूल कर ना. एन्कार्नाने ते काउंटरवर उभं करून ठेवलं होतं, त्यामुळे आता अख्ख्या कॅम्पला माझ्या पायाची चौकशी आहे.

तर उत्तर: हो, रोज दाखवतो. समुद्राला.

काल आमचा सिंटरक्लासचा सण झाला. शेजारचा योप संत झाला होता. अंगावर आंघोळीचा लाल झगा, दाढी कापसाची, आणि हातात काठीऐवजी छत्रीचा दांडा. प्रत्येकाच्या नावाने कविता म्हटल्या, म्हणजे यमक जुळवून उणीदुणी काढली. माझ्यावरची अशी होती की हार्म यंदा जागचा हलत नाही, त्याच्या चाकांना मुळं फुटली, वसंतात त्याला पानं येतील. सगळे हसले. मीही हसलो. योपची बायको कोरी हसली नाही. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

ती तशी चांगली बाई आहे, पण नाक खुपसते. आज विचारत होती, "हार्म, दर वर्षी नाताळाच्या आत तुम्ही दोघं पोर्तुगालला पोचायचात. यंदा काय झालं?"

मी म्हटलं, "गाडी दमलीये."

"गाडी?" एवढंच म्हणाली आणि माझं ताट घासायला घेऊन गेली. मी मागितलं नव्हतं.

योप माझी संडासाची टाकी स्वतःच्या टाकीबरोबर रिकामी करून आणतो. गॅसची नळकांडीही तोच भरून आणतो. म्हणतो, मी जातोच आहे ना. मी त्याला नको म्हणतो, तो ऐकत नाही. परवा पायरीवरून उतरताना पाय जिथे असायला हवा होता तिथे नव्हता, तेव्हाही तोच धावत आला. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. पायरीच खराब आहे.

इथे ऊन आहे. तुमच्याकडे ड्रेन्थला धुकं असेल आणि दुपारी चारला दिवे लागत असतील. तू कॉफी पिताना खिडकीत उभी राहतेस का अजून? आईसारखी?

पायाबद्दल पुन्हा लिहू नकोस. बाकी काहीही लिही. चार ओळी लिही.

तुझा बाबा


४ जानेवारी
एल अल्गारोबो

प्रिय मारिट,

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता जसं होईल तसं लिहितो. आधी सांगतो की कुणालाही काही झालेलं नाही. हे वाक्य परत वाच आणि मग पुढे जा.

आज सकाळी योप आणि कोरी पोर्तुगालला निघायचे होते. योपला उजाडायच्या आत निघायची खोड आहे. तो उठतो, वायर काढतो, गाडी सुरू करतो आणि कोरी मागच्या बिछान्यात झोपलेलीच असते. पहिल्या पंपावर तो कॉफी करून तिला उठवतो. असं करायची परवानगी नाही, पण आमच्यातले निम्मे तेच करतात.

आज कोरी बिछान्यात नव्हती. दात घासायला स्नानगृहात गेली होती. योपने मागे वळून पाहिलं, त्याला गोधडीचा ढीग दिसला, आणि गेला की बाबा निघून.

मी दार उघडलं तर समोर कोरी. झगा, सपाता, तोंडात ब्रश. फोन गाडीत. योपचा नंबर फोनमध्ये. मला म्हणाली, "चाळीस वर्षांचा संसार, आणि मी मागे नाही हे या माणसाला कळू नये?"

माझ्याकडे योपचा नंबर होता. लावला. त्याचा फोन बंद, चालवताना तो बंदच ठेवतो, शहाणा! कोरी म्हणाली, "येईल पंपावरून परत. तू कॉफी कर." तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मला ऊत आला, मारिट. दोन महिने लोक माझी ताटं घासत होते. मी म्हटलं, कॉफी कसली, पाठलाग करू. वायर काढली, चाकाखालचे ठोकळे काढले, बसलो.

गाडी तोंडाने आत होती, म्हणजे बाहेर मागेच घ्यायची. आणि कोरी आपणहून मागे जाऊन उभी राहिली. आमच्या बायकांचं ते हाडामासात गेलंय. इंजिन मागे जायला लागलं की त्या जाऊन उभ्या राहतात. आरशात बाई दिसली, हात हलवणारी, ये, ये, ये. मी आलो. तिने दोन्ही पंजे वर केले, थांब. मी ब्रेक दाबला.

तो ब्रेक नव्हता.

पाय मला सांगत होता की तो ब्रेकवर आहे. मी आणखी जोरात दाबला. गाडी रस्ता ओलांडून खरनुबाच्या झाडावर आदळली आणि आरशात बाई नव्हती.

मी खाली उतरलो नाही. उतरताच येईना. कण्हेरीच्या झुडपातून आवाज आला, "हार्म! मेलास का रे?" ती बाजूला उडी मारून त्यात पडली होती. कोपराला ओरखडा, बाकी धडधाकट. ब्रश अजून हातात. मग मी रडलो. तुझी आई गेली तेव्हा रडलो नव्हतो ते सगळं आज रडलो, आणि कोरीने तो पेस्ट लागलेला हात माझ्या डोक्यावर ठेवला.

एन्कार्ना धावत आली. झाड पाहिलं, गाडीची फुटलेली मागची काच पाहिली. मी म्हटलं, झाडाचं काय ते मी भरून देईन. ती म्हणाली, "झाडाला काही होत नाही, आजोबा. ते तुमच्याहून म्हातारं आहे आणि तुमच्याहून शहाणंही. जागचं हलत नाही." मग हात पुढे केला. "किल्ल्या."

दिल्या.

योप दुपारच्या आत परत आला. पंपावर त्याने कॉफी नेऊन गोधडीला हाक मारली, तेव्हा कळलं त्याला. प्लास्टिकच्या नळीतला गुलाब घेऊन आला होता. कोरीने तो घेतला आणि मला दिला. त्याच्याशी ती अजून बोललेली नाही.

पाय ओढत होता, मारिट. तू बरोबर होतीस. उन्हाळ्यापासून ओढत होता, आई होती तेव्हापासून. मला भीती होती की डॉक्टर गाडी काढून घेईल, आणि मग घरात मी आणि तिची खुर्ची. गाडीत निदान ती आरशात असल्यासारखी वाटते.

उद्या एन्कार्ना मला डॉक्टरकडे नेणार आहे.

बाबा


९ जानेवारी
एल अल्गारोबो

प्रिय मारिट,

दाखवला. घे.

डॉक्टर म्हणजे तुझ्याहून लहान पोरगी. हातोडीने पायाला टकटक केलं, डोळे मिटायला लावले, अंगठा वर आहे की खाली ते विचारलं. मी प्रत्येक वेळी ठामपणे उत्तर दिलं आणि बहुतेक वेळा चुकलो. मग मोठ्या इस्पितळात डोक्याचा फोटो काढला. मेंदूत लहानसा झटका येऊन गेलाय, बऱ्याच महिन्यांपूर्वी. गोळ्या दिल्यात. व्यायाम केला तर चालणं सुधारेल म्हणाली. मी गाडीचं विचारलं. एन्कार्नाने भाषांतर करायच्या आधीच त्या पोरीने नकाराची मान हलवली.

"कधीपर्यंत?" मी विचारलं.

ती एन्कार्नाला लांबलचक काहीतरी म्हणाली. एन्कार्ना मला म्हणाली, "ती म्हणते, चालायला शिका."

परत येताना एन्कार्नाने बेकरीपाशी गाडी थांबवली आणि तीन राजांच्या सणाचा उरलेला गोल केक घेतला, अर्ध्या किमतीत. आत एक बाहुली आणि एक वालाचा दाणा लपवलेला असतो. बाहुली आली तर राजा, दाणा आला तर केकचे पैसे तुझे. मला दाणा आला. ती एवढी हसली की चालवता येईना. मीही हसलो. खोटं का बोलू, बरं वाटलं. इतके महिने एक खोटं सांभाळत होतो, त्याचंच ओझं जास्त होतं.

आता खरा प्रश्न. गाडी इथे, मी इथे, घर तिकडे. विमा कंपनी म्हणते, गाडी ट्रकवर चढवून आणू, तुम्ही विमानाने या. योप म्हणतो, इथेच विकून टाक, एक जर्मन मागतोय. शहाणपणाचं तेच आहे. हो म्हणायला तोंड उघडतो आणि बंद करतो.

एक विचारतो. नाही म्हणालीस तरी चालेल, मी रागावणार नाही, म्हणजे रागावेन पण सांगणार नाही. ही गाडी साडेतीन टनांच्या आत आहे. तुझा परवाना चालतो. तू येऊन आम्हाला घरी नेशील का? मला आणि गाडीला?

आईला मी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही, हे तू त्या दिवशी म्हणाली होतीस. मी म्हटलं होतं की तिला नकोच होतं. मी तिला विचारलं नव्हतं. तुला विचारतोय.

तुझा बाबा


१९ जानेवारी
एल अल्गारोबो

प्रिय मारिट,

हे पत्र पोचायच्या आत तू इथे पोचशील, तरी लिहितो, कारण हात थांबत नाही.

एन्कार्ना ऑफिसातून ओरडत आली, "आजोबा, तुमची मुलगी! फोनवर! मला सांगते, त्यांना म्हणावं कुठेही हलू नका!" मी धावत गेलो. धावत म्हणजे माझ्या परीने. मी पोचेपर्यंत तू फोन ठेवला होतास. तुझं बरोबर आहे, आपण फोनवर भांडलोच असतो.

मागच्या फुटक्या काचेला योपने जाड प्लास्टिक लावून दिलंय. तो आणि कोरी आत्ताच निघाले. कोरी पुढच्या सीटवर बसली होती, पट्टा लावून, आणि निघताना योपने तिला हात लावून खात्री करून घेतली. सगळ्या कॅम्पने टाळ्या वाजवल्या.

मी वरचा पलंग तुझ्यासाठी तयार केलाय. चादर धुतलेली आहे. टॉमेटो इथे स्वस्त आहेत, खूप आणलेत. तुला आवडतात ना अजून?

बाबा


३ फेब्रुवारी
फ्रान्स, नार्बोनच्या अलीकडे

प्रिय मारिट,

तू भांडी घासायला गेली आहेस, तेवढ्यात लिहितो. तू समोर असताना पत्र कशाला, म्हणशील. तोंडाने बोलायला लागलो की आपण गिअरवर येतो आणि गिअरवरून भांडणावर. आजही आलो. चढावर तिसरा टाकायचा असतो, हे मी शेवटचं सांगतोय.

काल संध्याकाळचं लिहायचं आहे.

वारा एवढा होता की दार उघडलं तर हातातून निसटत होतं. जागा अरुंद, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला त्या फ्रेंच म्हाताऱ्याची नवीकोरी गाडी. तो कॉफीचा मग घेऊन खुर्चीत बसलेलाच होता, वाऱ्यातसुद्धा. त्यांची जात सगळीकडे एकच. स्पेनपासून इथपर्यंत आपण मोकळ्या मैदानांत सरळ आत शिरत आलो होतो. इथे मागेच घ्यायची होती.

मी काठी घेऊन मागे गेलो आणि ओरडायला लागलो, डावीकडे, डावीकडे! तू काच खाली केलीस. "बाबा, मला काही ऐकू येत नाही! हातांनी सांग!"

मग मी परत आत आलो. खुंटीवरचे हातमोजे काढले. तू आरशातून पाहिलंस आणि दुसरीकडे बघायला लागलीस, ते मला दिसलं. माझी बोटं त्यात कशीबशी शिरली. जाऊन उभा राहिलो आणि हात वर केले. ये.

आता ऐक. बावीस हिवाळे मी ती गाडी पुढून मागे घेतली, एकदाही मागून पाहिली नव्हती. मागून चालवणारा दिसत नाही. चेहरा नाही, काही नाही. नुसतं पांढऱ्या दिव्यांचं एक भिंताड अंगावर येत राहतं, आणि तुम्ही त्याला म्हणायचं, ये, ये, आणखी ये. कोरीने उडी मारली ते योग्यच केलं. मलाही मागे सरकावंसं वाटलं. आणि मला आठवलं की रूली कधीच सरकली नव्हती. पिवळे हात आरशात नेहमी होते तिथेच होते. मी समजत होतो की मी चांगला चालवतो म्हणून आमचं कधी चुकलं नाही.

मी सरकलो नाही. मी दोन्ही पंजे वर केले आणि तू थांबलीस. माझ्या छातीत आणि गाडीत काठी मावेल एवढं अंतर होतं.

तू उतरून पळत मागे आलीस. पांढरीफटक. "बाबा, तू हलला का नाहीस? मला वाटलं तू आता बाजूला होशील!"

"आई व्हायची का?"

वाऱ्याने तुझे केस तोंडावर येत होते. मग तू माझे हात हातात घेतलेस आणि एकेक बोट ओढून हातमोजे काढलेस, लहान मुलाचे काढतात तसे. उजव्याच्या भोकातून स्वतःचा अंगठा बाहेर काढून बघितलास आणि म्हणालीस, "पुढच्या हिवाळ्यात नवे घेऊ. यात वारा शिरतो."

पुढच्या हिवाळ्यात. तू ते सहज बोललीस आणि स्वयंपाकाला लागलीस. मला टॉमेटो चिरताना काही दिसत नव्हतं, कांदा नव्हता तरी.

आज सकाळी ब्रेडसाठी चालत गेलो, काठी घेऊन, तू झोपली होतीस. दुकानात हातमोजे मिळाले. पिवळेच. मोठ्या मापाचे, माझ्या हाताला बसतात. जुने फेकू नकोस, ते खुंटीवर राहू देत.

हे पत्र ड्रायव्हरच्या सीटवर ठेवतो, म्हणजे तुला सापडेल.

तुझा बाबा